समोरच्या इम्प्लांटवरची हिरडी करडी दिसते. झिर्कोनियाने फरक पडेल का?

निवेदिका_नौपाडा

नमस्कार मंडळी. वरचा समोरचा डावा दात गेल्या वर्षी इम्प्लांट करून, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू घालून त्यावर बसवला. दात इतका छान जमलाय की शेजारच्या दातापासून वेगळा ओळखू येत नाही. पण त्याच्या बरोबर वर, जिथून दात सुरू होतो तिथे, हिरडीवर निळसर करडी कड दिसते. दुखत नाही, सूज नाही, ब्रश करताना रक्तही येत नाही. मी कार्यक्रमांचं निवेदन करते. हसले की माझी वरची हिरडी चांगलीच दिसते. गडकरी रंगायतनमधल्या एका कार्यक्रमाचे जवळून काढलेले फोटो हातात आले आणि तेव्हापासून मला त्यात दुसरं काही दिसतच नाही.

डॉक्टर म्हणतात, आतलं टायटॅनियमचं अबटमेंट, म्हणजे स्क्रू आणि वरची कॅप यांना जोडणारा तुकडा, काढून झिर्कोनियाचं (पांढऱ्या सिरॅमिकचं) घालू, खर्च वेगळा लागेल. पैसे भरायला माझी ना नाही. पण एवढं करून कड तशीच राहिली तर काय? कोणी केलंय का हे?

खारघरची_दाढ

माझ्या खालच्या दोन दाढा टायटॅनियमवर आहेत. हिरडीचा रंग कसा आहे हे मी कधी पाहिलंही नाही, कारण ते कोणाला दिसतच नाही. चावायला मजबूत आहेत, तक्रार नाही. तुमचा दात समोरचा, तेव्हा एखाद्या लॅबवाल्यालाच विचारलेलं बरं.

वागळे_लॅबवाला

ताई, मी वागळे इस्टेटमधल्या डेंटल लॅबमध्ये काम करतो. अबटमेंट आणि कॅप बनवणं हाच माझा रोजचा उद्योग. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या तोंडात काय आहे ते मी सांगणार नाही, पण हा प्रश्न आमच्या टेबलावर सारखा येतो.

झिर्कोनियाने फरक पडतो. पण किती पडेल ते तुमच्या हिरडीच्या जाडीवर आहे, आणि ती कोणी मोजलेली नसेल तर नुसतं अबटमेंट बदलणं म्हणजे अंदाजपंचे. हिरडीतून उजेड आत जातो. खाली काळपट धातू असला की तो उजेड पुरेसा परत येत नाही आणि वरून करडं दिसतं. २००७ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी डुकराच्या जबड्यावर हे तपासलं होतं. वर ३ मिलिमीटर जाडीचं आवरण असेल तर खाली टायटॅनियम असो की झिर्कोनिया, डोळ्याला फरक कळत नाही. २ मिलिमीटरला झिर्कोनिया कळत नाही, टायटॅनियम कळतं. दीड मिलिमीटरला मात्र झिर्कोनियानेसुद्धा रंग बदललेला दिसला. तुमची हिरडी पातळ असेल तर पांढऱ्या अबटमेंटवर ती करडी दिसणार नाही, पण शेजारच्या हिरडीपेक्षा फिकट दिसू शकते.

आता करडेपणा नक्की कुठे आहे ते आरशात नीट बघा. अगदी दाताच्या कडेशी असेल तर तो बहुधा अबटमेंटचा. बराच वर, मुळाच्या दिशेने असेल तर खुद्द इम्प्लांटच डोकावत असण्याची शक्यता जास्त. इम्प्लांटचा स्क्रू हाडात थोडा पुढे, ओठाच्या बाजूला बसला असेल तर त्यावरचं हाड पातळ राहतं. तिथे आम्ही सोन्याचं अबटमेंट बनवून दिलं तरी उपयोग नाही.

झिर्कोनियाच करायचं ठरलं तर ‘टाय-बेस’वर करा. म्हणजे इम्प्लांटच्या आत बसणारा तुकडा टायटॅनियमचाच राहतो आणि त्यावर झिर्कोनियाची बाही चिकटवतात. अख्खं झिर्कोनिया टायटॅनियमच्या इम्प्लांटमध्ये घातलं तर ते कडक असल्यामुळे इम्प्लांटला आतून झिजवतं, शिवाय समोरच्या दातात बारीक भिंत तडकायची भीती. तिसरा मार्गही आहे. टायटॅनियमलाच विजेने गुलाबी छटा देता येते. द्रावणात बुडवून करंट सोडला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तो किती जाड होतो यावर रंग ठरतो. कसलाही रंग फासलेला नसतो. व्होल्टेज वाढवत नेलं की तुकडा डोळ्यांदेखत सोनेरी होतो, मग गुलाबी. पातळ हिरडीखाली हा गुलाबी करड्या धातूपेक्षा खूप उजवा दिसतो.

हिरडी_डॉक्टर_नेरुळ

वरच्या उत्तरात थोडी भर घालते, हिरड्या हेच माझं काम आहे. जाडी मोजणं अवघड नाही. जागा बधिर करून, रबराचा छोटा स्टॉपर लावलेली बारीक सुई हिरडीत टोचतात आणि स्टॉपरपर्यंतचं अंतर पट्टीवर मोजतात. त्याहून सोपं म्हणजे हिरडीच्या कडेत प्रोब (तपासणीची बारीक धातूची काडी) घालून तो बाहेरून दिसतो का पाहायचं. दिसला तर हिरडी पातळ.

पातळ निघाली तर टाळूच्या आतला थोडा भाग घेऊन हिरडीखाली ग्राफ्ट करता येतो. टाळू काही दिवस हुळहुळतो, तिखट आणि गरम खाणं टाळावं लागतं. पण त्याने जाडीच वाढते, म्हणजे दुखण्याच्या मुळावरच उपाय. आधी ग्राफ्ट, तो नीट भरून आला की मग नवीन अबटमेंट, असा क्रम ठेवा. आणि अबटमेंट पुन्हापुन्हा काढून बघू देऊ नका, दर वेळी हिरडीची पकड सुटते.

एक सावधगिरी. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर जन्मजात तपकिरी डाग असतात, ते वेगळे. आणि शेजारच्या दातात जुनं चांदीचं फिलिंग असेल तर त्याचे कण हिरडीत रुतूनही काळसर ठिपका पडतो. कारण ठरल्याशिवाय काही काढू नका.

निवेदिका_नौपाडा

दोघांचेही मनापासून आभार. आज डॉक्टरांकडे जाऊन प्रोब लावायला सांगितला. तो बाहेरून स्वच्छ दिसला, राखाडी काडीच जणू. शेजारी चांदीचं फिलिंग नाही. करडेपणा फक्त कडेशीच आहे, वर नाही. आता ते स्वतःच म्हणाले की आधी हिरडीच्या डॉक्टरांचं मत घेऊ. दादा, कॅप काढताना तुटणार तर नाही ना?

वागळे_लॅबवाला

कॅप वरच्या छोट्या स्क्रूने बसवली असेल तर मागच्या बाजूला, जिभेकडे, दाताच्या रंगाचं छोटं फिलिंग असेल. ते खरवडलं की स्क्रू मिळतो आणि कॅप अख्खी निघते. सिमेंटने चिकटवली असेल तर कधीकधी कापावी लागते, हे आधीच विचारून ठेवा. तसंच इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर किंवा कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, व्यास आणि लांबी असते. त्याशिवाय कुठल्याच लॅबला बरोबर टाय-बेस मागवता येत नाही.

निवेदिका_नौपाडा

स्टिकर फाईलमध्येच चिकटवलेलं सापडलं. मागे ते फिलिंगही आहे. पुढच्या आठवड्यात हिरडीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, जाडी किती निघते ते इथे लिहीन.