पुतळ्यावर बसलेला हात

‘पुतळ्यावर सराव करून कुठे नर्स घडते का?’ असं एका ताईंनी विचारलंय. मी कोल्हापुरात बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवतेय, म्हणून लिहिते.

सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला वाचवायला त्याच्या छातीवर दाब देणं, पण आमच्याकडे सीपीआर म्हटलं की आधी त्याच आद्याक्षरांचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयच डोळ्यांसमोर येतं. म्हणून मी व्याख्या सांगत बसत नाही, मुलींना थेट मॅनिकिनशेजारी, म्हणजे सरावाच्या पुतळ्याशेजारी, गुडघ्यांवर बसवते. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. ऐकायला सोपं. गेल्या महिन्यात शिरोळकडची एक मुलगी दुसऱ्याच मिनिटाला कोपरात वाकली, दाब उथळ झाले, आकडे मोजायचे राहून गेले. तीनदा चुकली. चौथ्यांदा हात सरळ राहिले.

खरं शिकणं त्यानंतर, डीब्रीफिंगला, म्हणजे सराव झाल्यावर बसून काय घडलं ते बोलतो तेव्हा. मी ‘चुकलीस’ म्हणत नाही, ‘तेव्हा मनात काय चाललं होतं?’ एवढंच विचारते. ती म्हणाली, ‘मॅडम, मोठ्यानं मदत मागायची लाज वाटली.’ वॉर्डाच्या धावपळीत हे मला कधीच कळलं नसतं.

हे फॅडही नव्हे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलसाठी १९११ मध्येच ‘मिसेस चेस’ ही माणसाएवढी बाहुली बनवली होती. अमेरिकेतल्याच २०१४ च्या मोठ्या अभ्यासात क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांजवळ शिकायचे, निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला, म्हणजे अशा पुतळ्यांवरच्या वगैरे नकली प्रसंगांच्या सरावाला दिले, तरी मुली मागे पडल्या नाहीत. पण तिथले शिक्षक त्यासाठी खास तयार केलेले होते. मी पूर्वी शिकवायचे त्या एका कॉलेजात महागडा मॅनिकिन कुलपात असायचा, आणि इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशीच त्याच्यावरची धूळ पुसली जायची.