शब्दचर्चा : जुन्या बंदुकीचं 'मूल्यांकन' करायचं की 'पारख'?

कंदी पेढा : साताऱ्यातल्या आमच्या घराची वाटणी चालली आहे. माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली पणजोबांची लष्करी रायफल सापडली. ते मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून ती आणली असं घरात सांगतात. काकांनी यादीत लिहिलं, 'अँटिक रायफल, मुल्यांकन करणे'. मी 'मु' दीर्घ केला, तर म्हणाले, "ऱ्हस्वदीर्घ राहू दे, शब्द तरी बरोबर आहे का ते सांग." मूल्यांकन, मूल्यमापन, आकारणी, पारख... यांतला कुठला?

शाळामास्तर : मूल्यमापन मी जन्मभर पोरांचं केलं. आकारणी घरपट्टीची. मूल्यांकन बँकवाले करतात, तारण काय आहे ते आधीच ठाऊक असतं, आकडा तेवढा घालायचा असतो. तुम्हाला वस्तू काय आहे हेच अजून ठाऊक नाही, तेव्हा पारख. 'परीक्षा'चंच हे घरगुती रूप. भाजीसुद्धा आपण पारखून घेतो, मूल्यांकून घेत नाही!

अपशिंग्याचा जावई : मास्तरांशी सहमत, पण पारख 'रायफल' या शब्दापासूनच करा. नळीत पेचदार आटे असतील तर रायफल, नाहीतर नुसती बंदूक. (आमच्या सासुरवाडीच्या नावातच 'मिलिटरी' आहे, तरी तिथेही दोन्हींना सर्रास बंदूकच म्हणतात.) घोड्याजवळच्या पत्र्यावर काय कोरलंय? आणि गोळी मागून भरायची की तोंडाकडून?

कंदी पेढा : तोंडाकडून, खाली गज आहे. मुकुट, व्ही. आर., पुढे टॉवर १८५९. तोंडाशी बोट घातलं, आत गुळगुळीत लागतं. मागची निशाणी म्हणजे साधी खाच.

अपशिंग्याचा जावई : बोट पुन्हा घालू नका! ठासणीच्या बंदुका कैक वेळा भरलेल्याच राहिलेल्या असतात. लाकडी काठी अलगद आत सोडायची, अडेल तिथे खूण करायची आणि बाहेरून नळीवर धरून बघायची. कानाच्या (बार पेटवायच्या मागच्या भोकाच्या) चार बोटं अलीकडे अडली तर आत बार आहे. हेही परवानाधारक बंदूकवाल्याकडूनच करून घ्या.

आता गंमत ऐका. १८५३ च्या एनफिल्ड रायफलला तीन आटे होते, नळीचा व्यास ०.५७७ इंच. त्याच बंदुकीची काडतुसं १८५७ च्या उठावात गाजली. नंतर देशी शिपायांच्या हाती नेमबाज हत्यार नको म्हणून तशाच दिसणाऱ्या, पण बिनआट्याच्या बंदुका दिल्या. व्यास सुमारे ०.६५६. तुमची त्यांतली दिसते. म्हणजे रायफल नव्हेच. पहिल्या महायुद्धातल्या शिपायाकडे .३०३ इंची रायफल असे, तेव्हा बसऱ्याची गोष्टही तपासा.

कंदी पेढा : काका खट्टू झाले. बसऱ्याची गोष्ट आजी सांगायची हो.

सुगरण साताऱ्याची : माझ्याकडे गंज काढायला चिंच आणि पॉलिश पेपर तयार आहे, पाठवू का?

अपशिंग्याचा जावई : ताई, हात जोडतो. शिक्का पुसला की पारख संपली. काळपट झाक राहू द्यायची, किंमत तिच्यातच असते. शिक्के मात्र खोटेही मारतात. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, टॉवर म्हणजे लंडनचं सरकारी शस्त्रागार. राणी १९०१ मध्ये वारली, त्यामुळे व्ही. आर. खाली १९०७ दिसलं तर नक्कल समजा. तुमचं १८५९ तेवढ्यापुरतं बसतं.

शाळामास्तर : एक शब्द राहिला. तुमची बंदूक 'नादुरुस्त' की 'निकामी'? १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये जुन्या हत्याराला सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ते चालणार नसेल तरच. कमान बदलली की उडेल ती नादुरुस्त, तिला सूट नाही. कधीच उडणार नाही ती निकामी. लोक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, इथे ते अंगाशी येईल. परवान्याचे कागद शोधा, नसतील तर आधी पोलीस ठाण्यात कळवा. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, मग ती खासगी माणसाला परदेशी धाडता येत नाही.

कंदी पेढा : घोडा मागे ओढला की तिथे राहत नाही, एवढंच. म्हणजे नादुरुस्त. काकांना घेऊन सोमवारी पोलीस ठाण्यात जातोय. यादीत आता असं आहे : 'ठासणीची बंदूक, नग १, नादुरुस्त, पारख बाकी.' 'अँटिक' खोडायला ते तयार नाहीत.