'संकल्पचित्र' तर उड्डाणपुलाचं असतं. गेमच्या पुस्तकातल्या चित्राला काय म्हणायचं?

बाळीवेस
सोलापुरात एका छोट्या वाचनालयात व्हिडिओ गेमच्या आर्टबुकांचा, म्हणजे गेम घडवताना काढलेल्या चित्रांच्या पुस्तकांचा, एक खण सुरू होतोय. त्यावर मराठी पाटी आणि शेजारी पानभर माहिती लावायची आहे. माहितीचा विषय साधा: ज्याने आयुष्यात गेम खेळला नाही तोही ही पुस्तकं तासभर का चाळत बसतो. गाडी अडली ती 'कन्सेप्ट आर्ट'वर, म्हणजे गेममधलं पात्र-जागा कशी दिसेल हे शोधायला आधी काढतात त्या चित्रांच्या नावावर. पहिल्या खर्ड्यात 'संकल्पना कला' होतं. ती वेगळीच भानगड आहे असा आक्षेप आला. 'संकल्पचित्र' केलं, तर विचारणा झाली, "कुठल्या उड्डाणपुलाचं?" शब्द सुचवा. पाटी दीड फुटाची आहे, लांबलचक समास चालणार नाही.

खडूफळा
पहिला आक्षेप रास्त आहे. अमेरिकी कलावंत-विचारवंत हेन्री फ्लिंट यांनी १९६१ मध्ये 'कन्सेप्ट आर्ट' हे शब्द वापरले ते ज्या कलेचा कच्चा माल रंग किंवा दगड नसून खुद्द संकल्पनाच आहे अशा कलेसाठी. त्यावरचा त्यांचा निबंध छापून आला १९६३ मध्ये. पुढे १९६७ मध्ये कलावंत सॉल लविट यांनी 'कन्सेप्च्युअल आर्ट'वर लेख लिहिला आणि ते रूप रुळलं. तिथे वस्तू घडली नाही तरी बिघडत नाही. गेमवाल्यांचं बरोबर उलटं, त्यांचं चित्र पुढे वस्तू घडावी म्हणूनच काढलेलं असतं. तेव्हा 'संकल्पना कला' हे नाव त्या मंडळींना राहू द्या, आणि इथे 'संकल्पचित्र' लिहा. वर्तमानपत्रांनी रुळवलेला, सुटसुटीत शब्द आहे. उड्डाणपुलाने तो विकत घेतलेला नाही.

त्रिमिती
सर, वर्तमानपत्रातला पूल ठरलेला असतो. खांब किती, रस्ता कुठून कुठे, सगळं ठरल्यावर लोकांना दाखवायला चित्र करतात. गेममध्ये चित्र काढायला बसतात तेव्हा पूल असणार की नाव, हेच ठरलेलं नसतं.

एका पात्राचं बघा. आधी तीन-चार सेंटिमीटर उंचीच्या वीस-तीस काळ्या सावल्या, आत एकही रेष नाही. डोळे बारीक करून पाहायचं: खांद्यावर गदा आहे की गाठोडं, कळतंय? नसेल तर ती बाद, कारण खेळताना पात्र पडद्यावर बोटभरच दिसणार. उरलेल्या तीन-चारांवर करड्या रंगाच्या तीन छटा: उजेड, मधला, अंधार. रंग त्यानंतर. आणि मग एकाची निवड. चाळणारा रमतो तो बाद झालेल्या एकोणतिसांत. गेममध्ये जे कुठेच नाही ते फक्त या पुस्तकात दिसतं. 'संकल्प' म्हटलं की हातावरून पाणी सोडून झालं, आता मागे फिरणं नाही. जे बदलण्यासाठीच काढलंय त्याला संकल्प कसं म्हणायचं?

खडूफळा
अर्थसंकल्पालाही दरवर्षी सुधारित अंदाज असतातच की. म्हणून कोणी त्याचं नाव बदललं नाही.

आणि ठरल्यावरच दाखवायचं चित्र, हेही सरसकट खरं नाही. चित्रकार रॅल्फ मॅक्वारी यांनी १९७५ च्या सुमारास 'स्टार वॉर्स'साठी रंगवलेली चित्रं स्टुडिओला पटवायला वापरली गेली. चित्रपट अजून कागदावरच होता. ते संकल्पचित्र नाही तर काय?

शेंगाचटणी
खर्डा म्हणा की राव. कच्चं ते खर्डा. सोलापुरात कुणालाबी कळतंय.

खडूफळा
वाचनालयाच्या खणावर 'खर्डा' लिहिलंत तर लोक भाकरी घेऊन येतील. शिवाय 'खर्डेघाशी'ने त्या शब्दाला कारकुनी वास लागलाय.

पंचकार्ड
वाद दोन वेगळ्या कागदांवर चाललाय, आणि दोघंही एकालाच नाव ठेवायला बघताय. चादरीचं उदाहरण घेतो.

चादरीवरचा मोर आधी साध्या कागदावर निघतो. ती नक्षी, कारखान्यात नुसतं 'डिझाईन' म्हणतात. मग तो चौकटीच्या कागदावर चढतो, तो 'ग्राफ'. उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी रांग म्हणजे बाण्याची एक फेक. एका रंगाच्या बाण्याचा हिशेब धरला तर दर आडव्या रांगेला जॅकार्डचं, म्हणजे मागावरच्या नक्षी उठवणाऱ्या यंत्राचं, एक कार्ड: भोक असलं तर हूक उचलला जातो आणि धागा वर येतो, नसलं तर खालीच. चारशे रांगांच्या मोराला चारशे कार्डं, ओळीने ओवलेली. दोन कार्डांची अदलाबदल झाली तर मोराच्या मानेत आडवी चीर दिसते, आणि नक्षी पुन्हा येईल तिथे ती पुन्हा दिसते.

नक्षी सुंदर असून चालत नाही, ग्राफ मापात लागतो. समजा इंचाला ताण्याचे ४८ धागे आहेत आणि बाण्याचे ३६. आता ग्राफ चौरस घरांचा घेतला तर मोर विणून येताना एक तृतीयांशाने उंच होतो. कागदावर मोर, चादरीवर बगळा. म्हणून घराची उंची-रुंदी धाग्यांच्या प्रमाणात घ्यायची. संगणकावर काढलं तरी हे प्रमाण आधी भरावंच लागतं.

नक्षी शोधायला असते आणि ग्राफ हुकूम द्यायला. तुमच्या पुस्तकांत यातलं काय छापलंय?

त्रिमिती
दोन्ही! हा फरक आमच्याकडे रोज भांडणं लावतो.

तुमचा ग्राफ तो आमचा टर्नअराउंड: तेच पात्र समोरून, बाजूने, मागून, यथार्थदर्शन न घालता, डोळे-कंबर-गुडघे एकाच आडव्या रेषेवर. हे न करता झुंजीच्या पवित्र्यातलं देखणं चित्र थेट मॉडेलरकडे, म्हणजे संगणकात पात्राचा त्रिमितीय आकार घडवणाऱ्याकडे, गेलं की प्रश्न सुरू. दंडाआडचा कमरपट्टा कुठे बांधलाय? खांद्यावरून गेलेला पट्टा पाठीवर कुठे उतरतो? म्हणून हात तिरके खाली ठेवून, इंग्रजी ए अक्षरासारखं उभं करतात. हात पूर्ण आडवे ठेवले तर नंतर खाली आणताना खांद्याची जाळी, म्हणजे ज्या रेषांच्या जाळ्याने संगणकातलं अंग बनतं ती, चुरगळते.

आणखी एक नेहमीची चूक उजेडाची. चित्रकाराने संध्याकाळचा केशरी उजेड घातला आणि पोत, म्हणजे त्या आकारावर चढवायचं रंगीत आवरण, रंगवणाऱ्याने तोच कापडाचा रंग समजला, की गेममध्ये भर दुपारीही सदरा केशरी. पोताची जागा वाचवायला अंगाची एकच बाजू रंगवून दुसरीकडे आरशासारखी उलटी लावतात, तेही ध्यानात ठेवावं लागतं. डाव्या खांद्यावर अक्षरं असली तर उजव्या खांद्यावर ती उलटी उमटतात.

बाळीवेस
मग पाटीवर दोन शब्द? 'शोधचित्रं' आणि 'नमुनापत्रं'?

पंचकार्ड
'नमुनापत्र' पक्कं. 'शोधचित्र' म्हटलं की हरवलेल्या माणसाचा फोटो डोळ्यांपुढे येतो.

खडूफळा
जपानी लोकांनी हे आधीच सोडवलंय. तिकडे अशा बऱ्याच पुस्तकांवर 'सेत्तेई शिर्योशू' असं छापलेलं असतं. 'सेत्तेई' म्हणजे ठरवून मांडणं, 'शिर्यो' म्हणजे साहित्य, 'शू' म्हणजे संग्रह. ठरलेल्या गोष्टींचा संग्रह! म्हणजे त्रिमिती यांचा "काहीच ठरलेलं नसतं" हा मुद्दा जपानपुरता तरी निकालात निघाला.

त्रिमिती
नाव ठरलेल्याचं आहे, पण आत बाद झालेलीही छापतात. आणि एक वेगळीच जात आहे, तिला तुमचे दोन्ही शब्द लागू होत नाहीत. जपानी चित्रकार योशिताका आमानो यांनी १९८७ च्या 'फायनल फँटसी'साठी काढलेली चित्रं घ्या. जलरंगाच्या वाऱ्यावर उडणाऱ्या रेषा, विरत जाणारे झगे. आणि गेममध्ये नकाशावर चालणारं पात्र केवढं? १६ बाय १६ ठिपके, एका ठिपकेचित्राला पारदर्शक धरून चार रंग. त्या चित्राचा 'ग्राफ' होणं शक्यच नव्हतं. ते चित्र खेळणाऱ्यासाठी होतं: हे इवलेसे ठिपके बघताना मनात काय बघायचं, ते सांगायला. 'कल्पनाचित्र' म्हणायचंच तर याला म्हणा.

शेंगाचटणी
पूर्वभागात जाऊन विचारा. तेलुगूत 'बोम्म' म्हणजे चित्र, बाहुली पण बोम्मच, आणि थेटरातला पिक्चर पण बोम्म. चित्राची बाहुली हुतीय, बाहुलीचा पिक्चर हुतोय, शब्द एकच. झालं की काम. मराठीलाच लै त्रास.

पंचकार्ड
हे लाख बोललात. तसा 'माग'सुद्धा तिकडचाच. तेलुगूत मग्गम, कन्नडमध्ये मग्ग.

खडूफळा
सारखा दिसला म्हणून तिकडचा? मराठीत 'माग काढणे'तला माग आहेच.

पंचकार्ड
तो पावलांचा माग, सर. त्याच्यावर चादर विणता येत नाही.

खडूफळा
मग 'नक्षी' तरी कुठे घरची आहे? ती अरबी 'नक्श'वरून आली, 'नकाशा'ही तिथूनच. दोघी सख्ख्या बहिणी. एक चादरीवर बसली, दुसरी भिंतीवर. 'मसुदा'ही अरबीच, मूळ अर्थ काळं केलेलं. त्या वीस-तीस काळ्या सावल्यांना याहून चपखल नाव नाही, हे मात्र मी मान्य करतो.

त्रिमिती
'काळा मसुदा'. चित्रकारांना आवडेल, वाचनालयाला नाही.

शाईगंध
सगळे आतल्या चित्रांवर भांडताय, पुस्तकाकडेही बघा. 'आर्टबुक'ला 'चित्रपोथी' म्हणावं असं सुचवतो. चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्या पिंगुळीच्या चित्रकथींच्या चित्रसंचालाही पोथीच म्हणतात.

पानभर माहितीत हेही घाला: ही चित्रं पडद्यासाठी काढलेली असतात, म्हणून कागदावर त्यांचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. १९२० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम १६ सेंटिमीटर छापता येतं. त्याहून ताणलं की भुरकट. पडद्यावरचा झळाळता निळा-हिरवा छपाईच्या चार शायांत मावत नाही, मंद होतो. आडवी चित्रं जोडपानावर घेतात आणि पुस्तक नुसतं गोंदाने बांधलेलं असलं तर मधला सेंटिमीटरभर भाग पाठीत जातो. नायकाचं नाक नेमकं तिथे असतं. शिवलेली आणि सपाट उघडणारी बांधणी असेल तरच जोडपान पूर्ण दिसतं.

बाळीवेस
हे उपयोगी आहे. पण शब्द...

शाईगंध
आणि खण कुठल्या भिंतीला आहे? पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो. पाठीचा गोंद सैल पडला की जड आर्ट पेपरची पानं झुबक्याने सुटतात. दीड-दोन किलोची पुस्तकं उभी ठेवू नका, आतला गठ्ठा स्वतःच्या वजनाने पुठ्ठ्यापासून सुटत खाली बसतो. आडवी ठेवा, एकावर एक तीनच. आणि माठ लांब ठेवा. या गुळगुळीत कागदाला पाणी लागलं की पानं एकमेकांना चिकटतात, सोडवायला गेलं तर चित्राचा थरच निघून येतो.

खडूफळा
पोथी सुट्या पानांची असते. बांधलेल्या पुस्तकाला पोथी म्हणणं चूक.

शाईगंध
पानं सुटल्यावर म्हणता येईल.

बाळीवेस
पुस्तकं आडवी ठेवायची तर खणाची उंची कमी करावी लागेल, म्हणजे पाटीही दीड फुटाची राहणार नाही, फूटभरच. रंगाऱ्याला संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय.

शेंगाचटणी
फूटभर? मग खर्डाच बसतंय बघा.