कापूस वेचायले येनाऱ्या 11 बायांत सगळ्यात लहान 46 ची, पोट्टे गेले कुठं?

वावरवाला_यवतमाळ:
राजेहो एक गोष्ट विचाराची होती. आमचं 9 एकर वावर, 5 एकरात कापूस. यंदा पहिल्या वेच्याले 11 बाया आल्या, सीतादही (पहिल्या वेच्याची पूजा) झालं, नारळ फोडला, सगळ्या धुऱ्यावर चहा पित बसल्या होत्या तवा सहज वय विचारले त सगळ्यात लहान 46 ची निघाली अन् सगळ्यात मोठी 71 ची, माह्या मायच्या बरोबरची. मी शाळेत होतो तवा सुट्टीच्या दिवशी याच वावरात पोट्टे-पोट्ट्या वेचायले यायचे, म्या बी वेचला. आता गावात पोट्टेच नाहीत असं बी नाही, पानठेल्यावर 15 जन सापडते, वावरात एक नाही. पाडव्याले सालदार (सालभराचा गडी) पाहाले गेलो त 2 वर्षापासून भेटूनच नाही रायला. अन् पेपरात येते का देशात काम करनाऱ्याचं प्रमाण वाढलं. मंग आमच्याकडे काहून दिसत नाही? या बाया अजून 5-6 वर्ष वेचतीन, पुढं कोन?

पोट्टा_दारव्हा:
काका पानठेल्यावर आमी दिसतो थे संध्याकाळी 6 ले, सकाळी 5 ले रोडवर 1600 मीटर मारतो थे कोनाले दिसत नाही. माह्यं वय 26, बीए झालं, पोलीस भरतीची खुल्याची लिमिट 28 हाय अन् एमपीएससीची 38, म्हनून घरचेच म्हनते का भर अजून एक फॉर्म. कामाची लाज नाही बावा, सोयाबीनच्या सिझनले मी 8 दिवस हडंब्यावर (मळनी यंत्रावर) जातो. पन कापूस किलोवर राहते, 10 रुपये किलोनं मले दिवसाचे 250 बी पडत नाही, माय 50 किलो वेचते, मी 25 मधीच कंबर धरून बसतो. फवारनीले बोलावते लोकं त 2017 ले आपल्याच जिल्ह्यात विषबाधेनं 20 च्या वर मानसं गेले, तवापासून माय पंप पाठीले लावू देत नाही. अन् खरी गोष्ट सांगू का, वावरात काम करनाऱ्याले पोरगी देते कोन? माह्या वर्गातला एक चाकनले ठेकेदाराकडं 15 हजारावर हाय, एका खोलीत 6 जन झोपते, त्याचं लग्न जुळलं. तुमचा पोरगा कुठं हाय काका?

हिशोबी_मास्तर:
पेपरातलं खोटं नाही, पण नीट वाचावं लागतं. पीएलएफएस नावाचा सरकारी सर्व्हे 2017-18 पासून होतो. 15 वर्षांवरच्या लोकांत काम करणारे अधिक काम शोधणारे तेव्हा 49.8 टक्के होते, 2023-24 ला 60.1 झाले. यातली मोठी उडी बायांची आहे, 23.3 वरून 41.7. आणि त्यात घरच्याच शेतात नाहीतर घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या भरपूर आहेत, म्हणजे रोजीनं तुमच्याकडे येणारी बाई वाढली असं नाही. दुसरी गंमत म्हणजे वर्षात 30 दिवस काम केलं तरी माणूस कामातला धरतात. तुमची 71 ची आजी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचत असेल तर ती आरामात धरली जाते. पोट्टा भाऊ, तुझे 8 दिवस मात्र धरत नाहीत. तू सर्व्हेवाल्याला शिकतोय म्हणालास तर तू ना कामात ना बेरोजगार, सरळ हिशोबाच्या बाहेर. काम शोधतोय म्हणालास तर बेरोजगारात. 15 ते 29 वयाचा बेरोजगारीचा दर 17.8 वरून 10.2 वर आला हे खरंय, पण अभ्यासिकेत बसलेला माणूस काय उत्तर देतो यावर त्यातलं बरंच ठरतं.

माय_वऱ्हाडी:
मास्तर तुमचा हिशोब बरोबर असन पन म्हातारी वावरात काहून जाते थे त्यात नाही. माही सासू 68 ची. लाडकी बहीण 65 पर्यंत, मंग श्रावणबाळचे महिन्याले 1500. त्यात बीपी-शुगरच्या गोळ्या अन् डॉक्टरकडे जायचं भाडं, उरते काय? पहिले निंदनाले रोजीवर जात होती, आता सगळे तननाशक मारते अन् निंदनाले बोलावलंच त रोजी पुरी द्या लागते म्हनून तरन्या बाया पाहते. कापसाचं तसं नाही, किलोवर राहते, म्हातारीनं 20 वेचला त 20 चे पैसे, मधी बसली तरी मालक बोलत नाही. म्हनून सगळ्या बुढ्या कापसात दिसते भाऊ. आमी घरी बस म्हटलं त म्हनते तुमच्याले 10 रुपये मागू का मी? नातवाचा मोबाईल रिचार्ज बी थेच करते. अन् पोट्ट्यांचं म्हनान त मीच माह्या पोरीले पाठवत नाही. मी 30 वर्ष वेचलं, पुरे झालं.

धानवाला_मूल:
आमच्या चंद्रपूर साईडले उलटं हाय, रोवना झाला, धान कापलं का तरने पोट्टे, नवरा-बायको, लेकरं सगळे गाडीत बसून तेलंगणात मिरची तोडाले. म्हातारेच गावात उरते, शेळ्या अन् नातवंडं पाहात. म्हंजे काम कराले तयार हायेत, इथं 12 महिने काम नाही येवढंच. कापूसवाल्यायले मजुरायची टोळी पाह्यजे असन त मध्यप्रदेशातून येते, पन 15 दिवस राहाची सोय कराव लागते.

वावरवाला_यवतमाळ:
पोट्ट्या, बरोबर जागी मारलं तू. पोरगा पुन्यात हाय, गोडाऊनमधी पॅकिंग करते. मीच म्हटलं होतं जा म्हनून. ताई तुमचं किलोचं मले कधी डोक्यातच आलं नव्हतं, मी समजत होतो बुढ्यायले वावराची सवय हाय म्हनून येते. धानवाले भाऊ, टोळीच्या मुकडदमाचा नंबर मेसेजमधी टाका, गोठ्याच्या बाजूची खोली रिकामी करून देतो. दुसरा वेचा 12-13 दिवसानं हाय अन् 11 मधल्या 2 बाया लेकीच्या बाळंतपनाले चालल्या. जवळपास कोनाकडं 2-3 बाया असन त सांगा, वय किती बी असू द्या, ऑटोचं भाडं माह्याकडं.