कर्ज देताना बँकेनं नुसता क्रेडिट स्कोअर बघावा की कर्जफेडीच्या नोंदींचा अख्खा क्रेडिट रिपोर्ट वाचावा? तुमचं मत सांगा

धोटा
मंडळी, माझं मत आधीच सांगतो. एका तीन आकडी नंबरावर माणसाचा अर्ज परत पाठवणं बंद झालं पाहिजे. रिपोर्ट वाचा, मग काय ते ठरवा.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या शेजारी टॉवेलचं युनिट आहे. मालकांना जुने माग काढून रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचे आधुनिक माग, बसवायचे होते, त्यासाठी टर्म लोन मागितलं. स्कोअर ६७१. 'सातशेच्या वर लागतो' म्हणून शाखेनं कागदही न चाळता अर्ज परत केला. मग आम्ही त्यांचा रिपोर्ट काढून ओळ न् ओळ वाचली. प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, ३६ महिन्यांपर्यंतचे. हप्ता किती दिवस थकला ते त्यात येतं. गाडीचं कर्ज, घराचं कर्ज, धंद्याचं सीसी (कॅश क्रेडिट) खातं, सगळीकडे ०००. एकाच खात्यावर ०३०, ०६०, ०९० असं चढत गेलेलं. ते खातं त्यांचं नाहीच, मेहुण्याचं. हे फक्त जामीन. वर एजंटानं एकाच महिन्यात पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकले, त्या इन्क्वायऱ्याही लागल्या, म्हणजे बँकांनी रिपोर्ट मागवल्याच्या नोंदी; त्यानंही स्कोअर उतरतो.

स्वतःचा एक हप्ता न चुकवलेला माणूस ६७१ या आकड्यात दिसतो का, सांगा.

शाखेतला
धोटासाहेब, मी कर्ज विभागातच आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. वसुली उद्या त्याच्यावरही येऊ शकते. ती थकबाकी स्कोअरनं धरली यात गैर काही नाही.

आणि 'रिपोर्ट वाचा' म्हणणं सोपं आहे. एकच रिपोर्ट दोन अधिकाऱ्यांना द्या, दोन निर्णय येतील. स्कोअर निदान सगळ्यांना एकाच मापानं मोजतो.

पूर्वभागची_लेक
शाखेतले दादा म्हणतात ते मला पटतं. वडील मागावर कामाला, आई विड्या वळायची. युनिफॉर्म शिवायची मशिनं घ्यायला मी पहिल्यांदा बँकेत गेले, तेव्हा साहेबांचा पहिला प्रश्न होता, 'ओळखीचं कोण आहे?' काही वर्षं छोटी कर्जं वेळेवर फेडली. नंतर दुसऱ्या बँकेत गेले तर स्कोअर बघून आठवड्यात काम झालं. कुणाच्या मुलीनं, कुठल्या गल्लीतनं अर्ज केलाय हे कुणी विचारलं नाही. माणसानं वाचायचं ठरवलं की माणसाची मर्जी आलीच, धोटाकाका. ती आमच्यासारख्यांच्या बाजूनं कधीच नव्हती.

ताळेबंद
मी सीए आहे. इथं दोन गोष्टींची गल्लत होतेय. रिपोर्ट म्हणजे नोंदी: कुठलं कर्ज, किती बाकी, कधी थकलं, 'क्लोज्ड' की 'सेटल्ड', जामीन कुणाला. स्कोअर म्हणजे त्या नोंदींवरून काढलेला ३०० ते ९०० मधला अंदाज. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचं गणित आपापलं, म्हणून एकाच माणसाचे चार स्कोअर निघतात. बचत आणि मुदत ठेवी त्यात धरतच नाहीत. आपल्याकडच्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यामुळे तिथली वर्षानुवर्षांची चोख फेड रिपोर्टमध्ये सहसा दिसत नाही.

स्कोअर एकाच मापानं मोजतो हे खरं, पण चुकीची नोंदही तो तितक्याच निमूटपणे मोजतो. फेडलेलं कर्ज चालू दिसतंय, दुसऱ्याच कुणाचं कर्ज आपल्या नावावर चढलंय, अशी प्रकरणं माझ्याकडे नेहमी येतात. ते स्कोअरमध्ये कळत नाही, रिपोर्ट उघडल्यावरच कळतं. प्रत्येक कंपनीनं वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा नियम २०१७ पासून आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला म्हणून स्कोअर उतरत नाही. चूक दाखवून ३० दिवसांत तक्रार सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

मोहोळकर
आणि ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही त्याचं काय? माझ्या पोराचा स्कोअर उणे एक आला. म्हणजे इतिहासच नाही, वाईट इतिहास नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला एवढ्याच कारणावरून नाकारू नका असं रिझर्व्ह बँक सांगते, तरी काउंटरवर तेच चालतं.

धोटा
ताई, ओळखीवर कर्ज द्या असं मी कुठं म्हटलं? रिपोर्टमध्ये गल्ली बघायची नसते, फेड बघायची असते.

शाखेतले साहेब, एक गोष्ट लिहायची राहिली होती. मेहुण्याचा धंदा बसल्यावर सगळी थकबाकी व्याजासकट यांनी स्वतःच्या खिशातनं भरली. ते खातं आज 'क्लोज्ड' आहे, 'सेटल्ड' नाही. तडजोड करून सूट घेतलेली नाही. जामीनदाराची जबाबदारी तुम्ही सांगितलीत ती या माणसानं शेवटच्या रुपयापर्यंत निभावली. तरी बँकेला दिसलं काय, ६७१!

शाखेतला
हे आधी सांगायला हवं होतंत. अशा ठिकाणी शाखेनं डेव्हिएशनची, म्हणजे नियमाला अपवाद करण्याची, नोट करून वर पाठवायला हवी होती. ती सोय असते, पण नोटेखाली सही करायची जबाबदारी नको म्हणून पुष्कळ जण टाळतात, हे मी मान्य करतो.

पण कटऑफच, म्हणजे किमान स्कोअरची अटच, काढून टाका, या मागणीला माझा विरोध कायम आहे. चाळणी पाहिजेच. चाळणीवर जे उरलं ते फेकण्याआधी हातात घेऊन बघावं, इतपत मी तुमच्याबरोबर येतो.

पूर्वभागची_लेक
हातात घेऊन कुणाचं बघणार आणि कुणाचं नाही, हे कोण ठरवणार दादा? नियम करायचा तर असा करा, की कटऑफखालच्या प्रत्येक अर्जाचा रिपोर्ट वाचायचाच आणि नाकारलं तर रिपोर्टमधल्या कुठल्या नोंदीमुळं ते लिहून द्यायचं. मग मला चालेल.

ताळेबंद
नाकारण्याची मुख्य कारणं लेखी द्यायची, हा नियम आहेच ताई. लोक मागत नाहीत. धोटासाहेब, तुमच्या शेजाऱ्यांना पहिलं काम हेच सांगा: कारण लेखी मागा. पुन्हा अर्ज करताना मेहुण्याच्या कर्जाचं नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं पत्र) आणि ज्या खात्यातनं पैसे गेले त्याचा उतारा सोबत जोडा. आणि एजंटाला नवीन अर्ज कुठंही टाकू देऊ नका.

धोटा
सोमवारी त्यांच्याबरोबर शाखेत जातोय. लेखी काय देतात ते इथंच टाकतो.