मदेराची वाइन नागपूरच्या मे महिन्यात टिकेल का?

त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार मंडळी. लेकीच्या पदवीदानासाठी एप्रिलअखेर आम्ही दोघं लिस्बनला जाणार आहोत. तिथून पाच दिवस पोर्तुगालच्याच मदेरा बेटावर. आमच्या दादांची एकसष्टी दिवाळीनंतर आहे, त्यांच्यासाठी तिथली फोर्टिफाइड वाइन आणायची इच्छा आहे. पण परत येऊ तेव्हा इथे मे महिना असेल. आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. मागे नाशिकहून आणलेली रेड वाइन अशीच कपाटात उन्हाळाभर राहिली आणि उघडली तर पार आंबून गेलेली. सहा महिने फ्रिजमध्ये जागा अडवणं जमणार नाही. शिवाय सौ. दारू घेत नाही, तिच्यासाठी तिथे काय?

लक्ष्मीनगरची काकू

भाऊ, निर्धास्त आणा. ही वाइन मुळात तापवूनच बनते. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, म्हणून फुंशालला, म्हणजे मदेराच्या राजधानीत, वाइनच्या जुन्या कोठीत गेलो तेव्हा मी हेच जास्त विचारत बसले होते.

रस आंबत असताना मध्येच त्यात 96 टक्के अल्कोहोलचा द्राक्षांचा अर्क घालतात. त्याने यीस्ट मरतं आणि उरलेली साखर तशीच राहते. लवकर घातला तर वाइन गोड, उशिरा घातला तर कोरडी. मग बऱ्याचशा वाइन टाक्यांमध्ये किमान तीन महिने 45 ते 50 अंशांवर ठेवतात. आपल्या मे महिन्यातलं दुपारचं तापमानच की! भारी प्रतीची वाइन मात्र लाकडी पिंपांत भरून छपराखालच्या गरम माळ्यावर वर्षानुवर्षं मुरू देतात. तिथला वास मला अजून आठवतो: जुनं लाकूड, अक्रोड आणि जळू लागलेली साखर.

ही रीत जहाजांमुळे सापडली. भारताकडे आणि अमेरिकेकडे निघालेली गलबतं फुंशालला थांबून पिंपं भरून घेत. उष्ण समुद्रांतून फिरून परत आलेली वाइन जास्त चांगली लागते, हे लोकांच्या लक्षात आलं. तिला ते ‘फिरून आलेली वाइन’ म्हणत. उष्णता आणि हवा, ज्या दोन गोष्टींनी तुमची नाशिकची बाटली गेली, त्या हिने आधीच पचवलेल्या असतात.

आम्ही 2018 ला आणलेली बाटली माळ्यावर दोन उन्हाळे राहिली. 2020 च्या दिवाळीत उघडली, चवीत काही फरक नव्हता. फक्त बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली की बूच खराब होतं.

(नावाचा आपल्या ‘मदिरे’शी संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये मदेरा म्हणजे लाकूड.)

सौ.साठी ब्रिझा मराकुजा घ्या. पॅशनफ्रूटचं थंड पेय आहे, तिथे कुठेही मिळतं. बोलो द मेल हा काकवीचा काळा केकही छान, तो सुरीने न कापता हाताने मोडून खायची पद्धत आहे. पण जुन्या पद्धतीत डुकराची चरबी असते, शाकाहारी असाल तर दुकानात विचारूनच घ्या.

खापरखेडा

काकूंनी पोंशा कसा सोडला? बेटाचं रोजचं पेय तेच आहे. उसाच्या रसाची दारू, मध आणि लिंबू, तुमच्यासमोर बनवतात. लाकडी दांड्याला खाचांचं बोंड असतं, तो दोन्ही तळव्यांत धरून फिरवतात, अगदी आपल्या रवीसारखा. कामारा द लोबुश हे कोळ्यांचं गाव त्यासाठी प्रसिद्ध. सेरा द आग्वाला एका गुत्त्यात शेंगा खाऊन फोलपटं जमिनीवरच टाकतात, पायाखाली करकर वाजतं. मध-लिंबामुळे जोर कळत नाही, दोनवर थांबा आणि त्या घाटात गाडी दुसऱ्याला चालवू द्या. ताजा पोंशाच खरा, बाटलीतला आणू नका.

मिहान

बाटल्या चेक-इन बॅगेतच टाका, कपड्यांत गुंडाळून. माणशी दोन लिटरपर्यंत कस्टम ड्युटी लागत नाही. तुम्ही दोघं, म्हणजे 750 मिलिच्या पाच सहज बसतात.

त्रिमूर्तीनगरकर

काकू, मोठं काम केलंत. दादांना जेवणानंतर संत्रा बर्फी लागतेच. त्यावर कोणती चालेल?

लक्ष्मीनगरची काकू

मदेरा वाइनमधला बोआल हा प्रकार. गोड असते, पण शेवटी लिंबासारखी आंबट धार येते, बर्फीवर तीच हवी. माल्वाझिया सगळ्यांत गोड, बर्फीबरोबर जड होईल. सेर्सियाल कोरडी, ती जेवणाआधीची. लेबलवर 10 वर्षं लिहिलेली बघा आणि दुकानात आधी चाखून घ्या. दादांना सांगा, एकदा उघडली की एका रात्रीत संपवायची गरज नाही. बूच लावून ठेवली की पुढचे कित्येक महिने रविवारी थोडी थोडी घेता येते.