ईशापूर रायफलसाठी हलकी काडतुसं घरी भरायची आहेत, काय सांभाळू?

सातारी_ओहायोत:
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी इथल्या एका गन शोमध्ये ईशापूरची २ए१ दिसली आणि राहवलं नाही. बंगालात घडलेली रायफल ओहायोतल्या टेबलावर, अनोळखी पाहुण्यासारखी! दस्त्याला पितळी पट्टी, १२ काडतुसांचं चौकोनी मॅगझिन, बोअर ७.६२ नाटो.

अडचण खांद्याची आहे. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. पूर्ण ताकदीची वीस काडतुसं झाडली की दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना कळ येते. लेक चौदा वर्षांची, एकच झाडून म्हणाली, "बाबा, पुरे." आम्हाला ५० यार्डांवर कागदी प्लेटांना भोकं पाडायची आहेत, बस. काडतुसं भरायचा प्रेस आणि वजनकाटा आहे, सहा महिने पुस्तकात बघून नेहमीची काडतुसं भरतोय. प्रश्न साधा आहे: पावडर निम्मी केली की धक्काही निम्मा होईल ना? घरात स्लो पावडरचा एक डबा पडून आहे, तोच संपवावा म्हणतो.

पिंपरीचा_टूलरूमवाला:
"निम्मी केली की" वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला. तो डबा आधी कपाटात परत ठेव.

मी तीस वर्षं पेनसिल्व्हेनियात, त्याआधी पिंपरीत टूलरूममध्ये. तिथे "कमी" म्हणजे सुरक्षित असायचं. काडतुसात तसं नसतं. सावकाश जळणारी पावडर मोठ्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचात, अर्धीच भरली, तर दाब कमी होण्याऐवजी कधीकधी अचानक उसळतो आणि रायफल फुटते. हे नेमकं का होतं यावर जाणकारांचं अजून एकमत नाही, पण फुटलेल्या रायफली खऱ्या आहेत. एच-११० नावाची एक पावडर आहे, ती तर ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका असं कंपनीच सांगते.

मग करायचं काय? एच-४८९५ घे. तुझ्या काडतुसाच्या तक्त्यात ही पावडर दिली असेल तर तिथल्या कमाल वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जायची मुभा हॉजडन कंपनीनेच दिली आहे. साठच्या खाली नाही. हा हिशेब दुसऱ्या पावडरीला लावायचा नाही, डब्यावरचा आकडा कितीही सारखा दिसो. आणि ग्रेनमधला, म्हणजे पावडरच्या वजनाचा, आकडा मी इथे लिहिणार नाही. तो तक्त्यातून तूच काढ, दोनदा गुणाकार कर. कुणाच्या कमेंटवरून पावडर भरणाऱ्याच्या शेजारच्या लेनवर मी उभा राहत नाही.

पूर्वी लोक ट्रेल बॉस वापरायचे, फुगीर, मेदुवड्यासारखी मधे भोक असलेली पावडर. आता ती मिळेनाशी झाली आहे.

काही जण पिस्तुलाची जलद पावडर चिमूटभर टाकतात. चालतं, पण ती पुंगळीच्या तळाशी एवढीशी बसते की चुकून दोनदा पडली तरी वरून कळत नाही. दोनदा पडली की रायफल संपली, कदाचित डोळाही. एच-४८९५ ची हीच मजा आहे: साठ टक्केसुद्धा अर्ध्याहून वर येते, दुसऱ्यांदा ओतलीस तर बाहेरच सांडेल. तरी मी पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून प्रत्येकीत टॉर्च मारून बघतो. बायको म्हणते, दाताचा डॉक्टर झालास.

काट्याबद्दल: ग्रेन ही किती बारीक गोष्ट आहे ते आपल्या सोनाराच्या हिशेबाने समजून घे. तोळा १८० ग्रेनचा, तोळ्यात ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून जराशी जास्त. आपण गुंजेचाही विसावा भाग मोजायला बसलेलो असतो. पंखा बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, टेबलावर एका वेळी एकच डबा.

सातारी_ओहायोत:
काका, थेट सांगितलंत, बरं झालं. साठ टक्के जमत असेल तर अजून थोडं खाली का नको? लेकीसाठी म्हणतो.

पिंपरीचा_टूलरूमवाला:
कारण गोळी नळीत अडकते. माझी अडकली आहे. जॅकेटवाली, म्हणजे तांब्याच्या आवरणाची गोळी, आणि मी "अजून थोडं खाली" गेलेलो. धाड ऐवजी फुस्स. सवयीने बोल्ट मागे ओढला, पुंगळी उडाली, दुसरं काडतूस आत ढकललं, आणि तेवढ्यात लक्षात आलं की प्लेटवर भोक नाही. चाप ओढला असता तर आज हे टाइप करायला बोटं नसती. काडतूस काढलं, बोल्ट काढून उजेडाकडे धरलं तर नळी पलीकडून काळीकुट्ट. गोळी तोंडापासून चार इंचांवर. पितळी दांडा आणि हातोडी घेऊन संध्याकाळ गेली. आवाज वेगळा आला की थांबायचं आणि नळी बघायची, एवढं लेकीला आधी शिकव.

आता तुझ्या रायफलचं खास. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीला बुडाशी कड असते, ती त्या कडेवर अडते. तुझी ७.६२ बिनकडेची, ती स्वतःच्या खांद्यावर, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या उतारावर, अडते. हलक्या काडतुसात दाब इतका कमी की फायरिंग पिनचा ठोका आणि प्रायमरचा, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचा, जोर पुंगळीला पुढे ढकलून तिचा खांदा मागे दाबू शकतो. झाडल्यावर प्रायमर बुडातून किंचित वर आलेला दिसला तर समजायचं. अशी पुंगळी पुढे पूर्ण ताकदीने भरलीस तर ती ताणून बुडाजवळ तुटू शकते. त्यात तुझी रायफल ली-एनफिल्ड घराण्यातली, तिच्या बोल्टच्या कुलुपाच्या कड्या मागच्या बाजूला, त्यामुळे पितळ आधीच जास्त ताणतं. म्हणून हलक्या पुंगळ्या कायमच्या वेगळ्या. मी त्यांच्या बुडाला बायकोचं लाल नेलपॉलिश लावतो.

पुंगळीच्या मानेवर काजळी दिसली तर घाबरू नकोस, दाब कमी असला की पुंगळी नळीला नीट चिकटत नाही. काडतूस आत घालण्याआधी गोळी वर धरून हलकेच टिचकी मारतो, म्हणजे पावडर प्रायमरकडे बसते. रायफलचं तोंड आभाळाकडे करून हे करू नकोस, रेंजवाले हाकलतील, आणि बरोबरच.

कोथरूडचा_कुतूहली:
वाचून मजा आली. भारतात लायसनधारकाला असं घरी भरता येतं का?

रंकाळ्याकाठी:
नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो, बंदूक ठेवायच्या लायसनमध्ये तो येत नाही. आणि कमी धक्क्याचंच हवं असेल तर .२२ आहे की. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य त्याच बोअरवर आणलं. मी मात्र दहा मीटर एअर रायफलवाला, आमची काडतुसं म्हणजे मिरीएवढे छर्रे.

न्यूजर्सीतली_नलू:
अमेरिकेतल्या नव्या मंडळींसाठी: एच-१बी वर असाल तर बंदूकच काय, नुसती काडतुसंही जवळ ठेवायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे ठरावीक सवलती आहेत. हौसेच्या आधी वकिलाला विचारा. भरलेली काडतुसं मित्रांना विकायचाही विचार नको, त्याला वेगळं फेडरल लायसन लागतं.

सातारी_ओहायोत:
मी नागरिक आहे, त्यामुळे सुटलो. स्लो पावडरचा डबा मागे सरकवला, एच-४८९५ आणली. तक्ता, गुणाकार, परत गुणाकार, साठ टक्क्यांवर दहाच काडतुसं भरली, टॉर्च मारून. शनिवारी गेलो. पहिली पाच मी झाडली, दर वेळी प्लेटवर भोक बघून मगच पुढची. गोळ्या नेहमीपेक्षा वेगळ्या जागी बसत होत्या, पण एकाच जागी. मग लेक बसली. चार प्लेटवर, एक कुठे गेली देव जाणे. झाल्यावर तिने पुंगळी उचलून बुडाचा प्रायमर नखाने चाचपून बघितला, सपाट होता. बिनआवाजाची फुस्स आली तर काय करायचं हे तिनेच मला परत सांगितलं.

आता घरात भांडण एवढंच आहे की नेलपॉलिश तिचं वापरायचं की आईचं.